'तर' आणि 'मुळे': एका वॉरंटी-पुस्तिकेचं परीक्षण

मागच्या वेळी रिसर्च पेपर कसा वाचायचा हे बघताना मी म्हटलं होतं, की ॲबस्ट्रॅक्टवर भाळू नका, मेथड्सपर्यंत पोचा. हा सल्ला देणाऱ्या माणसाने स्वतःच्या मोटरसायकलची एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र साडेतीन वर्षांत एकदाही उघडून बघितली नव्हती. तो माणूस म्हणजे मीच. आज त्या पुस्तिकेचं परीक्षण करू. जर्नलने रिव्ह्यूसाठी पाठवलेला पेपर वाचतात, तसंच. कारण तिच्यात जी चूक आहे, तीच चूक तुम्हाला पुढे पेपरमध्ये, थिसिसमध्ये आणि व्हायव्हात वारंवार भेटणार आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. गाडी घेतली 2021 मध्ये. कंपनीची मूळ वॉरंटी तीन वर्षांची. शोरूममध्ये वरून थोडे पैसे भरून आणखी दोन वर्षांची घेतली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये हेडलाइट नको इतका प्रखर व्हायला लागला, बॅटरी फुगली आणि एके दिवशी डिजिटल मीटर बंद पडला. लॅबमधला मल्टिमीटर लावून बघितलं, तर इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर 17 व्होल्टच्या वर रीडिंग. ते साधारण 14 च्या आसपास असायला हवं. म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला. मेकॅनिक लोक ज्याला 'आरआर युनिट' म्हणतात तो डबा. मॅग्नेटोकडून येणारा करंट डीसी करायचा आणि व्होल्टेज हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गेला आणि जाताना बॅटरी आणि मीटरही घेऊन गेला.

अंदाजे खर्च 9,300 रुपये. माझी फेलोशिप तेव्हा चार महिने थकलेली होती, मेसचं बिलही उधारीवर चाललं होतं. पण वॉरंटी आहे ना, म्हणून मी निवांत होतो. सर्व्हिस ॲडव्हायझरने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "सर, क्लेम सिस्टीम उचलतच नाहीये. तुमची एक सर्व्हिस लेट झालीय."

"किती लेट?"

"एकोणीस दिवस."

"पण सर्व्हिस लेट होण्याचा आरआर युनिटशी काय संबंध?"

"संबंध काही नाही सर. पण टर्म्स तशाच आहेत."

हा मुलगा प्रामाणिक होता. त्याच्या या उत्तरातच सगळं परीक्षण आलं.

ॲबस्ट्रॅक्ट आणि मेथड्स

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'निश्चिंत राहा' छापाचा मजकूर आणि डोंगरात गाडी चालवणाऱ्या जोडप्याचा फोटो. हा ॲबस्ट्रॅक्ट. मधल्या पानांवर कशाला वॉरंटी आहे त्याची यादी. आरआर युनिट आणि मीटर त्यात स्पष्ट लिहिलेले. त्यानंतर कशाला नाही त्याची यादी: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, टायर, बल्ब, रबरी भाग, बॅटरी. आणि शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरात, अटी. या अटी म्हणजे मेथड्स. दावा किती खरा, हे इथेच ठरतं.

आता या रचनेकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने बघा. रिलायबिलिटी इंजिनिअरिंगमध्ये 'बाथटब कर्व्ह' नावाची एक आकृती असते. वस्तू बिघडण्याचा दर सुरुवातीला जास्त असतो, कारण कारखान्यातले दोष तेव्हा बाहेर पडतात. मग तो खाली येतो आणि बराच काळ जवळजवळ सपाट राहतो. शेवटी झीज वाढली की पुन्हा वर चढतो. आकार आंघोळीच्या टबसारखा. सुरुवातीचा चढ मूळ वॉरंटीत गेला. शेवटचा चढ, म्हणजे झीज, 'कशाला नाही' या यादीने बाहेर काढला. मग तुम्ही वेगळे पैसे भरून विकत काय घेतलंत? टबाचा तळ.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. तळातला बिघाड क्वचित होतो, पण झाला की महागात पडतो, आणि अशाच गोष्टींसाठी आगाऊ पैसे भरण्यात अर्थ असतो. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तळातला बिघाड हा बहुतांशी यादृच्छिक असतो. झिजेशी त्याचा संबंध सगळ्यात कमी. आणि वेळेवर सर्व्हिस करण्याची अट असते मुख्यतः झिजेसाठी. म्हणजे विकलं एक आणि अट घातली दुसऱ्याच गोष्टीची.

'तर' आणि 'मुळे'

पुस्तिका इंग्रजीत आहे. वादाचं कलम मी मराठीत उतरवून बघितलं आणि चूक लख्ख दिसली. कलमाचा आशय असा: ठरलेल्या मुदतीत सर्व्हिस झाली नाही *तर* वॉरंटी रद्द. ते असं हवं होतं: मुदतीत सर्व्हिस न झाल्या*मुळे* जो बिघाड होईल, तो वॉरंटीत येणार नाही.

'तर' म्हणजे अट. 'मुळे' म्हणजे कारण. पहिल्या वाक्यात कंपनीला काहीच सिद्ध करावं लागत नाही, कॅलेंडर बघितलं की झालं. दुसऱ्या वाक्यात कार्यकारणभाव दाखवावा लागतो. माझ्या गाडीबाबत तो दाखवता येणं अवघड होतं, कारण इंजिन ऑइल एकोणीस दिवस उशिरा बदललं म्हणून इंजिनाबाहेर, फ्रेमला बोल्टने बसवलेला इलेक्ट्रॉनिक डबा जळत नाही.

पण चांगल्या परीक्षकाने समोरच्याची बाजू आधी भक्कम करून मांडावी. तीही मांडतो. समजा कॅमशाफ्ट झिजला. तो ऑइल उशिरा बदलल्यामुळे झिजला की धातूतच दोष होता, हे दोन वर्षांनी वेगळं काढणं कठीण. प्रत्येक क्लेमसाठी पार्ट लॅबमध्ये पाठवला, तर तपासणीचा खर्च पार्टच्या वर जाईल. शिवाय मी गाडी कशी वापरतो हे मला माहीत, कंपनीला नाही. जॉर्ज ॲकरलॉफने 1970 मधल्या आपल्या प्रसिद्ध पेपरात माहितीच्या असमतोलाबद्दल लिहिताना हमीपत्रांचा उल्लेख एक उपाय म्हणून केला आहे: मालाचा दर्जा विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून हमी. वॉरंटी सुरू झाली की असमतोलाची दुसरी बाजू पुढे येते. वापराची माहिती आता ग्राहकाकडे असते. म्हणून कंपनी सर्व्हिसची नोंद मागते. आपल्या भाषेत ही 'प्रॉक्सी' झाली. जे थेट मोजता येत नाही, त्याच्या जागी मोजलेलं दुसरं काहीतरी.

हे मान्य. पण प्रॉक्सी कशाची, हा प्रश्न विचारायलाच हवा. सर्व्हिसची तारीख ही इंजिनाच्या देखभालीची बरी प्रॉक्सी आहे. आरआर युनिटच्या बाबतीत ती कशाचीच प्रॉक्सी नाही. एका व्हेरिएबलसाठी वैध ठरलेलं माप उचलून दुसऱ्याला लावलं, तर रिव्ह्यूअर पेपर परत पाठवतो. इथे रिव्ह्यूअर नसतो. काउंटरवरचा सही करणारा असतो, आणि त्याला घाई असते.

अजून एक मुद्दा. ती उशिरा झालेली सर्व्हिस याच शोरूमने केली होती. पैसे घेतले, सर्व्हिस बुकवर शिक्का मारला. 'तुमची वाढीव वॉरंटी आता गेली' असं कोणीच बोललं नाही. गाडी तेव्हा फक्त 3,100 किलोमीटर चालली होती, मर्यादा होती 5,000. पण अट 'सहा महिने किंवा पाच हजार, जे आधी होईल ते' अशी. मी त्या काळात दुसऱ्या शहरात एका संस्थेत इन्स्ट्रुमेंटचा स्लॉट मिळाला म्हणून गेलो होतो आणि गाडी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती.

कायदा कुठे साथ देतो, कुठे नाही

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. 1986 च्या कायद्यात नसलेली एक संकल्पना त्यात आली: अनुचित करार. कलम 2(46) मध्ये तिची व्याख्या आहे, आणि ग्राहकाचं नुकसान करणारी अवाजवी अट घालणं हेही तिच्यात बसतं. वाचून मला वाटलं, झालं काम!

पण मेथड्स वाचा. अनुचित कराराविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार या कायद्याने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणजे 9,300 रुपयांच्या वादात 'हे कलमच अन्यायकारक आहे' असं म्हणायचं, तर राज्य आयोगापर्यंत जा. जिल्हा आयोगात जायचं, तर तक्रार 'सेवेतील त्रुटी' किंवा 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून मांडावी लागते. तिथे महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हे त्रुटीच्या व्याख्येत आहे. कलमावर मात्र थेट बोट ठेवता येत नाही. छोट्या रकमेच्या छापील करारांनी सगळ्यात जास्त माणसं बांधली जातात आणि त्यांच्यासाठीच हे दार सगळ्यात लांब. कायद्याच्या या भागावर माझी हीच टीका आहे.

बाकी जिल्हा आयोगाची वाट वाटते तितकी बिकट नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती ऑनलाइनही भरता येते, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या योग्य टेबलापर्यंत पोचवते.

माझ्याच पत्राचं परीक्षण

माझा पहिला ईमेल दोन पानी होता. त्यात 'लूट', 'निर्लज्ज' हे शब्द होते, फेलोशिप थकल्याचं रडगाणं होतं आणि एकोणीस दिवसांचा उल्लेखच नव्हता. उत्तर आलं दोन ओळींचं: सर्व्हिस वेळेत नसल्याने क्लेम नामंजूर. बरोबरच होतं. मी स्वतःचा नको असलेला डेटा-पॉइंट लपवला होता आणि समोरच्याने नेमका तोच काढून दाखवला.

दुसरं पत्र एका पानाचं. पहिलीच ओळ: "एक सर्व्हिस 19 दिवस उशिरा झाली, हे मला मान्य आहे." मग चार गोष्टी. बिघाड कोणता, आणि मल्टिमीटरच्या रीडिंगचा फोटो. तो भाग वॉरंटीच्या यादीत कुठल्या पानावर आहे. उशिरा सर्व्हिस तुमच्याच केंद्राने केली, तेव्हाच्या जॉब कार्डची प्रत. आणि एक प्रश्न: "उशिरा झालेल्या सर्व्हिसमुळे हा बिघाड कसा झाला, ते तांत्रिक कारण लेखी कळवावं." मागणीही मोजून मापून: आरआर युनिट आणि मीटर. बॅटरी वगळलेली आहे, ती मी घेईन. पत्र डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकत्र पाठवलं, 1915 वर नोंद केली आणि नोंदणी क्रमांक पत्रात टाकला.

बारा दिवसांनी फोन आला. दोन्ही भाग बदलून मिळाले.

गोष्ट इथे संपवली असती, तर छान वाटलं असतं. पण जॉब कार्डवर काय लिहिलं होतं ते सांगायलाच हवं: 'गुडविल'. क्लेम मंजूर झाला असं नाही, सौजन्य म्हणून दिलं. माझ्या प्रश्नाचं लेखी उत्तर आलंच नाही. आणि 'माझी काही तक्रार उरलेली नाही' या कागदावर मी सही केली, कारण लॅब सोळा किलोमीटरवर आहे आणि मला गाडी हवी होती.

म्हणजे निकाल मिळाला, कारण मिळालं नाही. 'तर' जागेवरच राहिला. कदाचित पुढच्या आठवड्यात त्याच काउंटरवर दुसरं कोणीतरी उभं असेल आणि तोच मुलगा तेच वाक्य म्हणेल. त्या माणसाला माझ्या प्रकरणाचा काही उपयोग नाही, कारण ते कुठे नोंदलंच गेलेलं नाही. न छापलेल्या प्रयोगाने पुढच्या संशोधकाचं काम वाचत नाही, तसंच. निदान एवढी नोंद व्हावी म्हणून हे लिहिलं.

तुमच्याकडे गाडी असेल, फ्रिज असेल, लॅपटॉप असेल, तर आज रात्री ती पुस्तिका काढा आणि शेवटच्या पानापासून वाचा. प्रत्येक अटीपुढे पेन्सिलीने लिहा: इथे 'तर' आहे की 'मुळे'? आणि मग हाच प्रश्न तुमच्या रिसर्च प्रपोजलमधल्या प्रत्येक दाव्याला विचारा. माझ्या स्वतःच्या प्रपोजलमध्ये मला तीन ठिकाणी 'मुळे' लिहिलेलं सापडलं, जिथे माझ्या हातात फक्त 'तर' होता.