एका गिटारीचा ध्वनि आणि त्याचे भाष्यकार

एखाद्या ग्रंथकाराची शैली उचलूं पाहणारा लेखक व एखाद्या वादकाचा आवाज उचलूं पाहणारा वादक या दोघांत आपली टीका फार मोठें अंतर मानीत आली आहे. पहिल्यास ती निदान शिष्य तरी म्हणते. दुसऱ्यास नकलाकार म्हणून बाजूस सारते. हें अंतर मीही अनेक वर्षें निःशंकपणें मानीत होतों व वर्गांत तसें बोलूनही दाखवीत होतों. अलीकडे मात्र तें मला पुसून टाकावें लागलें. आणि पुसून टाकल्यावर असें दिसलें कीं, दोघांच्या हातून होणारी चूकही एकच आहे व ती आपण समजतों तेथें नाहीं.

याला निमित्त झाला माझा भाचा. तो पुण्यास नोकरी करतो आणि मिळकतीचा बराच भाग एका इंग्रज गिटारवादकाचा आवाज आपल्या खोलींत उतरविण्याच्या कामीं खर्च करतो. हा वादक म्हणजे क्वीन या वाद्यवृंदांतील ब्रायन मे. (ज्यांच्या कानांवर हें नांव नाहीं त्यांस इतकें सांगितलें म्हणजे पुरें कीं, या वृंदाचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फरोख बलसारा, पारशी कुळांतला, आणि त्याचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालें.) मेचा आवाज जसाच्या तसा काढण्यासाठीं धडपडणारे लोक देशोदेशीं आहेत. त्यांच्या या धडपडीची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ते शोधतात तें काय, हें नीट पाहिलें पाहिजे. मेनें आपली गिटार विकत घेतली नाहीं. १९६३ सालीं, तो सोळा वर्षांचा असतांना, त्यानें व त्याच्या वडिलांनीं ती घरींच करावयास घेतली, आणि ती पुरी होण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. बाजारांतील उंची गिटार परवडत नव्हती, हें तिच्या जन्माचें साधें कारण. दांडीसाठीं एका जुन्या घरांतील शेकोटीवरच्या फळीचें महोगनी लांकूड घेतलें. किडीनें पाडलेलीं छिद्रें आगकाड्यांनीं बुजविलीं. पडद्यांमधील ठिपके आईच्या शिंपल्यांच्या बटणांचे. स्वर हेलकावण्याच्या दांड्याच्या टोंकास आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा, आणि तारांचा ताण तोलणाऱ्या स्प्रिंगा एका जुन्या मोटारसायकलींतल्या. तिला तीन पिकअप आहेत व त्यांवर सहा खटके: तिहींनीं एकेक पिकअप चालू वा बंद होतो, उरलेल्या तिहींनीं तो उलटा जोडला जातो. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध जोडले म्हणजे दोहोंस समान असलेला खर्ज परस्परांस मारतो आणि मागें उरतो तो नाकांतून निघाल्यासारखा तीक्ष्ण स्वर. नखीच्या जागीं मे वापरतो तें सहा पेन्सांचें नाणें. त्याची दांतेरी कड तारेवरून जातांना स्वराच्या आरंभीं किंचित् खरखर उठते.

ही गिटार ज्या ॲम्प्लिफायरला जोडली जाते तो व्हॉक्स कंपनीचा ए.सी. ३०. हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असून मे त्याचा आवाज अगदीं शेवटपर्यंत वाढवून ठेवतो. व्हॉल्व्हला पेलेल त्याहून अधिक जोर दिला कीं स्वरलहरीचे माथे छाटले जातात व मूळ स्वरांत नसलेले उपस्वर जन्मास येतात. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हां एका तारेंतून जो स्वरांचा थवा उठतो त्याची ज्यास ओळख आहे त्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. कार्यकारण भिन्न असलें तरी मागणी एकच आहे. गिटार व ॲम्प्लिफायर यांच्यामध्यें एक लहानशी डबी असते. ती उंच स्वरांचा जोर वाढवते आणि खर्ज पातळ करते. त्यामुळें व्हॉल्व्ह कितीही चेपला तरी स्वर गढूळ होत नाहीं. आवाज सौम्य हवा असेल तेव्हां मे पेडल दाबीत नाहीं. गिटारीवरची कळ किंचित् मागें फिरवतो. सौम्य आणि उग्र हे दोन्ही रंग अशा रीतीनें त्याच्या बोटांजवळ असतात, पायांजवळ नव्हे.

या डबीची कूळकथा मोठी बोधक आहे. ती मेला स्वतःला सुचलेली नाहीं. लंडनमध्यें आयरिश वादक रोरी गॅलगर याचें वादन ऐकून तो थक्क झाला आणि कार्यक्रमानंतर त्यानें सरळ त्यालाच विचारलें कीं, हा आवाज आपण कसा काढतां? गॅलगरनें कांहींएक न लपवितां सांगितलें: ए.सी. ३० आणि रेंजमास्टर नांवाची डबी. मेनें तीं दोन्ही घेतलीं. म्हणजे ज्याचें अनुकरण आज जग करीत आहे तो स्वतः अनुकरणानेंच आरंभ करतो! परंतु पुढें काय झालें? तींच दोन यंत्रें, आणि तरीही गॅलगरचा आवाज ऐकतांना कोणास मेची आठवण होणार नाहीं. गॅलगरचा स्वर घोगरा, धुळीनें माखलेला, ब्लूजच्या वाटेनें चालणारा. मेचा स्वर गळ्यांतून निघाल्यासारखा गोल. गिटारी निराळ्या होत्या, हें कारण कोणीही देईल. तें खरेंही आहे, पण पुरेसें नाहीं.

या आवाजवेड्यांची चिकाटी मात्र अशी आहे कीं ती पाहून मान लवावी. क्वीनचा बास गिटारवादक जॉन डीकन याला १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रस्त्यावरच्या कचऱ्यांत एक विजेचें मंडल बसविलेली पट्टी सांपडली. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्यानें ती एका लहान स्पीकरच्या पेटींत बसविली व बॅटरीवर चालणारा एक ॲम्प्लिफायर तयार केला. मेनें तो आपलासा केला. ती पट्टी मूळ कोणत्या यंत्राची, हें पुष्कळ काळ अज्ञात होतें. शेवटीं शोध करणाऱ्यांनीं ती सुपरसॉनिक कंपनीच्या पी.आर. ८० या हलक्या रेडिओ-ग्रामोफोनांतली असल्याचें ठरविलें, आणि त्या ॲम्प्लिफायरची सहीसही प्रतिकृतिही निघाली. भांडारकर संस्थेंत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्या पंडितांचें काम याहून थोर होतें, यांत शंका नाहीं. परंतु जात तीच. हा पाठ शुद्ध करण्याचाच उद्योग आहे. नाण्याची कड कोणती, तार किती जाड, ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा कीं सिलिकॉनचा, या प्रश्नांवर ही मंडळी पाठभेदांवर तुटून पडावें तशी तुटून पडतात. यास नक्कल म्हणून हिणविणें हें, ऐकण्याचा कंटाळा असलेल्या टीकाकाराचें लक्षण होय. (एका लहान यंत्रांत शंभर वादकांचे आवाज भरून विकणाऱ्यांचा विचार मी येथें करीत नाहीं. तें मार्गदर्शिकेच्या आधारानें परीक्षा उत्तीर्ण होण्यासारखें आहे.)

असें असून पाठ शुद्ध झाला म्हणजे अर्थ लागला असें होत नाहीं. भाच्यानें मला एके दिवशीं डोळे मिटावयास सांगितलें आणि आधीं तबकडीवरचा एक दीर्घ स्वर व मागाहून स्वतः काढलेला तोच स्वर ऐकविला. मला भेद करितां आला नाहीं. मग तो अर्धा तास वाजवीत राहिला. साही तारांवर भरदार झंकार काढले. ते किरटे लागले. द्रुत तुकडे घेतले. ते सुटे सुटे पडले. वाजवून झाल्यावर तो आपण होऊनच म्हणाला, “मामा, एक सूर लावला कीं तो आहे. वाजवायला लागलों कीं निघून जातो.”

या वाक्यानें मला विचारास लावलें. माझें मत असें झालें आहे कीं, हा आवाज मुळीं एकट्यानें राहण्यासाठीं घडलेलाच नाहीं. मेच्या मनांत गिटारींचा एक गायकवृंद होता. एक धून, तिच्यावर दुसरी, त्यांना जोडणारी तिसरी, अशा अनेक ओळी तो एकावर एक मुद्रित करीत असे. १९७४ सालच्या ‘प्रोसेशन’ या छोट्या रचनेंत दुसरें जवळजवळ कांहीं नाहींच. अशा पंगतींत बसावयाचें तर प्रत्येक स्वरानें अंग चोरून बसलें पाहिजे. खर्ज फार असेल तर चार स्वर मिळून चिखल होईल; कडा फार बोथट असेल तर कोणता स्वर कोणाचा तें कळणार नाहीं. आतां वरचीं सारीं साधनें पुन्हां पाहावीं. खर्ज पातळ करणारी डबी, स्वराला गळा देणारा व्हॉल्व्ह, प्रत्येक ओळीला किंचित् निराळा रंग देणारे ते सहा खटके, या सर्वांचा ओढा एकाच दिशेस आहे. त्याच वर्षीच्या ‘किलर क्वीन’ मधील गिटारीचा भाग ऐकावा. तेथें एक स्वर घंटेसारखा वाजतो, तो विरतो न विरतो तों दुसरा, तिसरा त्यावर येऊन बसतो, आणि तिघांचा मिळून जो झंकार होतो तो एका गिटारीवर निघणें शक्य नाहीं. मेनें केलेल्या सर्व कामांत मी याच भागास पहिला मान देईन. क्वीनच्या त्या काळच्या तबकड्यांवर ‘यांत सिंथेसायझर वापरलेला नाहीं’ अशी टीप छापलेली असे. ती नुसती बढाई नव्हती, तशी टीप खरोखरच आवश्यक होती.

यावर कोणी म्हणेल कीं, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मध्यें गिटार एकटीच गाते, त्याचें काय? आक्षेप रास्त आहे. परंतु तेथेंही ती गायकाची ओळ पुन्हां गिरवीत नाहीं. तो थांबतो तेथून स्वतःची निराळी धून घेऊन दुसऱ्या गायकासारखी उभी राहते. वृंद विरळ झाला, मोडला नाहीं.

सर्वांत निर्णायक पुरावा मात्र १९७५ च्या ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ या तबकडींत आहे. तींत ‘गुड कंपनी’ या नांवाचें मेनें स्वतः रचलेलें व गायिलेलें एक गाणें आहे. त्यांत क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन असा जुन्या धाटणीचा जॅझ वृंद वाजत असल्याचा भास होतो. यांपैकीं एकही वाद्य तेथें नाहीं. आहे ती केवळ घरगुती गिटार व कचऱ्यांतून उचललेला तो ॲम्प्लिफायर. येथें ब्रायन मे स्वतःच परक्या आवाजाचा अनुकर्ता झाला आहे! त्याची रीत कोणती? ट्रंपेटशीं जुळेल असा रंग त्यानें शोधला, हें उघड आहे. परंतु ट्रंपेटवाला दम कोठें घेतो, क्लॅरिनेट एका स्वरावरून दुसऱ्यावर कसा निसटतो, ट्रॉम्बोनच्या वांट्यास वृंदांत कोणती ओळ येते, हें आधीं ओळखून त्यानें त्या त्या वाद्याला शोभेल असाच मजकूर त्याच्या तोंडीं घातला. आणि कित्येक जागीं तर एकेक स्वर वेगवेगळा मुद्रित करून ओळ सांधली. कानाला वाद्याची ओळख रंगाइतकीच वाक्यावरून पटते. तोच रंग ठेवून त्यानें तेथें गिटारीचे नेहमींचे तुकडे वाजविले असते, तर कोणास क्लॅरिनेट आठवला नसता.

आपल्या साहित्यशास्त्रांत गुण व अलंकार यांचा जो विवेक केला आहे त्याचें येथें स्मरण होतें. हार गळ्यांतून काढून दुसऱ्याच्या गळ्यांत घालतां येतो. शौर्य तसें काढतां येत नाहीं, कारण तें आत्म्याचें आहे. मम्मटानें गुण रसाचे मानले ते याच न्यायानें. टोन हा हार आहे असें समजून आमचीं मुलें तो गळ्यांत घालूं पाहतात. तो गुण आहे. मेच्या त्या गायकवृंदाचा गुण आहे.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वीसएक वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें मला आपल्या कवितांची वही वाचावयास दिली. सगळी वही मर्ढेकरी वळणाची होती. तोडलेले शब्द, यंत्रांच्या प्रतिमा, मध्येंच ओवी. मीं तींत लाल शाईनें एवढेंच लिहिलें कीं, दुसऱ्याचा अंगरखा घालून फिरूं नये. शेरा चुरचुरीत झाला म्हणून मला मनांतून समाधानही वाटलें. त्यानें पुन्हां वही दाखविली नाहीं; पुढें तो लिहीत राहिला कीं नाहीं, तेंही मला समजलें नाहीं. आज वाटतें, त्याचें ऐकणें बारीक होतें. तोडलेला शब्द मर्ढेकरांनीं कोणत्या गरजेनें तोडला, एवढें विचारून त्याला परत पाठवावयास हवें होतें. तो प्रश्न मीं विचारला नाहीं, याचें कारण त्याचें उत्तर तेव्हां माझ्याजवळ नव्हतें.

भाच्याला मीं तो विचारला. त्यानें वाद घातला, कांहीं दिवस बोललाही नाहीं. गेल्या रविवारीं त्यानें मला बोलावलें. पेडलांची ओळ होती तेथेंच होती; फक्त जोडलेलीं दोनच होतीं. त्यानें स्वतः बांधलेली आठ मात्रांची एक धून तीन ओळींत मुद्रित करून ठेविली होती. ती मेच्या आवाजांत होती, पण मेची नव्हती. पहिली ओळ चांगली होती. दुसरी तिला धरून होती. तिसरी मला एके जागीं किंचित् चढी वाटली. तो म्हणाला, चढी नाहीं, तशीच हवी. संध्याकाळपर्यंत आम्ही ती जागा दहा-बारा वेळां ऐकली, आणि माझी गाडी चुकली.