दुरुस्त न केलेलं गाणं

मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत 1974 साली ‘बिग स्टार’ या बँडचा तिसरा अल्बम ध्वनिमुद्रित होत होता. गायक ॲलेक्स चिल्टनने निर्माता जिम डिकिन्सनपुढे एक टेप ठेवली. तिच्यावर आवाज आणि बारा तारांची गिटार, दोन्ही एकाच ट्रॅकवर होती. म्हणजे कुठे सूर हलला असेल, तर गिटारला धक्का न लावता तो सुधारणं अशक्य. यातून काय करतोस ते बघू, असं ते आव्हान होतं. डिकिन्सनने त्यावर मेलोट्रॉन आणि गिटारचा फीडबॅक चढवला, आणि ‘कांगा रू’ तयार झालं. गाणं जिथे डगमगतं तिथे त्याने टेकू दिलेला नाही. डगमगणं ऐकू येईल एवढी मोकळीक मात्र ठेवली आहे.

ही समज त्याच्याकडे साथीदार वादक म्हणून आली असावी, असं मला वाटतं. डिसेंबर 1969 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स इथे रोलिंग स्टोन्स ‘वाइल्ड हॉर्सेस’ मुद्रित करत होते. त्यांचा पियानोवादक इयन स्ट्यूअर्ट याला मायनर कॉर्ड वाजवणं नको असे, म्हणून तिथे हजर असलेला डिकिन्सन पियानोवर बसला. त्या गाण्यात पियानो शोधावा लागतो. पण एकदा सापडला की धृपदाचा भार कशावर आहे ते कळतं.

‘बिग स्टार’चा तो अल्बम रेकॉर्ड कंपन्यांनी नाकारला, तो बाहेर आला 1978 मध्ये. कोसळत चाललेल्या माणसाला निर्मात्याने आवरायला हवं होतं, त्याचं कोसळणं टेपवर घ्यायला नको होतं, हा आक्षेप मलाही बरीच वर्षं पटत असे. माझं मत बदललं ते तंतुवाद्यांमुळे. कार्ल मार्शने त्यांची रचना नेमकी बांधली आहे. ‘स्ट्रोक इट नोएल’ या गाण्याचं नावच त्यात वाजवणाऱ्या नोएल गिल्बर्ट या व्हायोलिनवादकावरून पडलं. वादकाचं नाव गाण्याच्या शीर्षकात जाणं किती दुर्मीळ! जिथे साथ इतकी काळजीपूर्वक बांधली जाते, तिथे मधला पसारा बेफिकिरीचा असू शकत नाही. चिल्टनला एकटं सोडलेलं नाही, हे ती तंतुवाद्यं सांगतात.

डिकिन्सनला हे दर वेळी साधलं असं नाही. ‘द रिप्लेसमेंट्स’साठी त्याने 1987 मध्ये केलेल्या ‘प्लीज्ड टू मीट मी’मध्ये ‘कान्ट हार्डली वेट’वर ब्रास आणि तंतुवाद्यं येतात. ती सुरेख आहेत, पण गाण्यातली हुरहूर त्यांनी भरून काढली आहे. हुरहूर तशीच राहू द्यायला हवी होती.

2009 मध्ये डिकिन्सन गेला. आता चुकलेला सूर संगणकावर क्षणात जागेवर बसवता येतो. त्यामुळे चूक उरली असेल तर ती कोणीतरी ठेवली म्हणूनच. समीक्षेत आपण गायकाचं, गीतकाराचं नाव घेतो. कुठे हात लावायचा नाही हे ठरवणाऱ्याचंही घ्यायला हवं.