निवेदन आणि गाणे

दलित कवितेची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ झाली. दलित गीताच्या वाट्याला मात्र गौरवाची भाषणेच अधिक आली. गीताचा आशय सांगायचा, गीतकाराचे दारिद्र्य सांगायचे, त्याने समाज जागा केला असे म्हणायचे आणि हार घालून मोकळे व्हायचे. एखादी ओळ लोकांच्या तोंडी का बसली आणि दुसरी का बसली नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मला तो एका फजितीतून पडला, म्हणून आधी ती सांगते.

मी घाटकोपरची. 1997 साली उपनगरातल्या एका संगीत क्लासात मी गायनाच्या परीक्षांची तयारी करीत होते. तेथे राग कळले, ताल हातात बसला, स्वरलिपी लिहिता येऊ लागली. हे ऋण मी नाकारीत नाही. पण तेथे गाणे कसे गावे एवढेच शिकवीत; गाणे कसे करावे हा विषयच नव्हता. बंदिश म्हणजे पूर्वी कोणीतरी करून ठेवलेली वस्तू, आपण ती फक्त उचलायची. एकदा मी एका भीमगीताची स्वरलिपी करून नेली. गुरुजींनी वहीकडे पाहिले आणि म्हणाले, "ही तर सिनेमाची चाल. यात शिकण्यासारखं काय आहे?" मी वही मिटली. उत्तर माझ्याजवळही नव्हते.

त्याच वर्षी 11 जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, मुलुंडमध्ये शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्या दिवसांत मी माझे पहिले गाणे लिहिले. त्यात सगळे होते: तारीख, मृतांचा आकडा, सरकारचा निषेध, चौकशीची मागणी. वाचून दाखविले तेव्हा माणसे गंभीर झाली. पण शोकसभेत गायले तेव्हा माझ्या मामांच्या गायन पार्टीतले कोरसवाले दुसऱ्या कडव्यानंतर गप्प झाले. त्यांना उचलायला ओळच नव्हती. परतताना पेटीमास्तर म्हणाले, "पोरी, हे निवेदन झालं. कलेक्टरला नेऊन दे. गाणं करशील तेव्हा माझ्याकडे ये."

मी गेले. माझे खरे शिक्षण तेथून सुरू झाले आणि ते पेटीच्या भात्याजवळ बसून झाले. मास्तरांनी पहिली गोष्ट शिकविली ती कडव्याच्या शेवटच्या ओळीची. ही ओळ मुखड्याशी यमकाने मिळते आणि कोरसला आत बोलावते. ती आधी हाती आली पाहिजे, बाकीचे कडवे तिच्याकडे चालत येते. मी नेमके उलटे केले होते; वरून खाली वर्तमानपत्रासारखे लिहीत गेले होते.

दुसरी गोष्ट मात्रांची. आपल्या गीतांत 'भीम', 'भीमराव', 'भीमराया' ही रूपे इतकी का येतात? समीक्षक म्हणेल, आत्मीयतेमुळे. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा धरून मोजा. 'भीमराव' सहा मात्रांचा, म्हणजे दादऱ्याचे एक आवर्तन भरले. 'भीमराया' सात मात्रांचा. शेवटचा 'या' मोकळा आहे, तो एक मात्रा ओढला की केहरव्याच्या आठ पुऱ्या. 'बाबासाहेब' नऊ मात्रांचा. म्हणून गाणारा शेवटचा 'ब' अर्धा गिळतो आणि आठात बसवितो. 'संविधान' आणि 'भीमराव' यांची घडण तंतोतंत एक आहे, गुरु-लघु-गुरु-लघु. एकाच्या जागी दुसरा शब्द अलगद बसतो. 'समता' चार मात्रांची आणि शेवटी 'आ', शंभर माणसांना एका दमात लांबविता येते. 'स्वातंत्र्य' मात्र शेवटच्या जोडाक्षरावर अडते. ते मी ओढायच्या सुरावर ठेवले होते. कोरस गप्प का झाला याचे निम्मे कारण तेथे होते!

म्हणजे 'भीमराया' ही हाक भक्तीतून आली आणि गळ्यातूनही आली. व्यक्तिपूजेचा आरोप करणाऱ्यांनी निदान एकदा मात्रा मोजाव्यात.

आता सिनेमाच्या चालीचा प्रश्न. वामनदादा कर्डक (1922-2004) प्रौढ वयात अक्षर शिकले आणि त्यांनी 1943 साली पहिले गाणे रचले ते एका हिंदी गाण्याचे विडंबन म्हणून. प्रस्थापित समीक्षेला येथे उसनवारी दिसते. मला येथे शाळा दिसते. तयार चाल घेतली की ओळीची लांबी ठरलेली, श्वासाच्या जागा ठरलेल्या, सूर कोठे चढणार तेही ठरलेले. त्या साच्यात आपला शब्द घालताना प्रत्येक अक्षराचे वजन तपासावे लागते. शिवाय चाल लोकांना आधीच पाठ असते, त्यामुळे त्यांचे सगळे लक्ष शब्दांकडे जाते. पैसे देऊन चाल बांधून घेणे ज्यांना शक्य नव्हते त्यांनी गरिबीतून ही पद्धत काढली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातून वामनदादा स्वतःच्या चालीपर्यंत आणि 'वाटचाल' (1973) या संग्रहापर्यंत पोहोचले. मास्तरांनी मला सहा महिने दुसऱ्यांच्या चालींवरच लिहायला लावले.

रमाबाई नगर रुळांच्या पूर्वेला, चिराग नगर पश्चिमेला. त्या चिराग नगरात अण्णा भाऊ साठे राहत. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडवर त्यांनी पोवाडा रचला आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी 'माझी मैना' ही छक्कड. पोवाड्यात तारखा, नावे, लढाईचा तपशील सगळे मावते, कारण शाहीर वेगाने सांगत जातो आणि झीलकरी त्याला श्वास देतात. छक्कड विरहाची. तिच्यात गावी राहिलेली बायको आहे, मुंबईला आलेला नवरा आहे, आणि शेवटी ती मैनाच महाराष्ट्रापासून तोडलेला सीमाभाग होते. मजकूर पाहून त्यांनी घाट निवडला. मी निवडलाच नव्हता. माझ्या मजकुराला पोवाडा हवा होता आणि मी त्याला गीताच्या अंगरख्यात कोंबले होते.

आपल्या चळवळीतल्या अनेक गाण्यांचे असेच होते, हे आता म्हटले पाहिजे. संगीतवाले आमच्या गाण्याला प्रचार म्हणून बाजूला सारतात आणि आम्हीही आशय शुद्ध आहे ना, मग झाले, असे म्हणून त्यांच्याच म्हणण्यावर शिक्का मारतो. घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (1985) आणि 'जय भीम कॉम्रेड' (2011) या माहितीपटांमुळे दूरवर गेला. त्यांच्या मृत्यूवर, पक्षांनी त्यांना कसे वागविले यावर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण भटकत्या गायकासारख्या साध्या सुरात ते एवढा संताप कसा धरून ठेवत, ओळ कोठे तोडत, कोठे थांबत, याचा धडा आमच्या कोणत्या शिबिरात होतो? शिबिरात व्याख्याने तीन आणि गाणी फक्त मधल्या वेळात, माणसे जमेपर्यंत.

माझे ते गाणे मी पुढे पाच वेळा मोडले. आकडा गेला, तारीख गेली. आकडा काढताना हात थरथरला, कारण तो विसरला जावा असे ज्यांना वाटते त्यांची संख्या कमी नाही. म्हणून त्या दिवसाचा वेगळा पोवाडा केला आणि तारीख, आकडा तेथे ठेवला. गीतात उरली ती दाराशी उभी असलेली एक आई. कोरस आता मुखडा उचलतो. तिसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त आहे, असे मास्तर शेवटपर्यंत म्हणत. ती अजून आहे.