गोष्ट पोहोचली, गाव मागे राहिलं

कार्तिक आर्यनचा ‘शहजादा’ 2023 मध्ये आला, तेव्हा त्याचं तेलुगू मूळ, म्हणजे अल्लू अर्जुनचा ‘अला वैकुंठपुरमुलू’, हिंदीत डब होऊन टीव्हीवर दाखवून झालेला होता. ‘शहजादा’ पडला. ‘जर्सी’ आणि ‘थेरी’वरून केलेला ‘बेबी जॉन’ यांचीही तीच गत झाली. रिमेकचे दिवस भरले, असं त्यावरून बोललं जातं. मला हे निदान अपुरं वाटतं. संपलंय ते रिमेकचं टपालकीचं काम. ‘बाहुबली’त प्रभासला शरद केळकरचा आणि ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेचा आवाज मिळाला, आणि हिंदी प्रेक्षकाने दोन्ही चित्रपट डोक्यावर घेतले. गोष्ट आता आपल्या पायांनी सीमा ओलांडते.

पूर्वी तसं नव्हतं. तापी चाणक्य यांनी 1964 मध्ये एन. टी. रामाराव यांना दुहेरी भूमिकेत घेऊन ‘रामुडु भीमुडु’ केला. वर्षभरात एमजीआर यांचा तमिळ ‘एंगा वीट्टु पिळ्ळै’ आला, आणि 1967 मध्ये चाणक्य यांनीच हिंदीत दिलीपकुमारना घेऊन ‘राम और श्याम’ केला. उलटा प्रवासही होताच: अमिताभचा ‘डॉन’ तेलुगूत ‘युगंधर’ झाला, तमिळमध्ये रजनीकांतचा ‘बिल्ला’.

पण नुसती गोष्ट नेणं वेगळं आणि ती नव्या मातीत रुजवणं वेगळं. के. बालचंदर यांचा ‘मरो चरित्र’ (1978) हा विशाखापट्टणममधल्या तमिळ मुलाचा आणि तेलुगू मुलीचा चित्रपट. मद्रासमध्ये तो तेलुगूतच दीर्घकाळ चालला. तमिळ प्रेक्षकाला रिमेकची गरजच भासली नाही. हिंदीत मात्र बालचंदरना प्रश्न नव्याने मांडावा लागला. ‘एक दूजे के लिए’ (1981) त्यांनी गोव्यात नेला, जिथे दोन्ही कुटुंबं बाहेरचीच. मुलगा, वासू, तमिळच ठेवला, मुलगी हिंदी भाषक केली. दोन शेजारी भाषांमधला दुरावा अशा रीतीने उत्तर-दक्षिण तेढीचा झाला, आणि तमिळनाडूतलं 1965 चं हिंदीविरोधी आंदोलन तेव्हा कुणी विसरलेलं नव्हतं. हिंदी चित्रपटांची नावं ओवलेलं लिफ्टमधलं गाणं वासूच्या तोंडी शोभतं, कारण त्याची हिंदी अशीच इकडून तिकडून गोळा केलेली. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या उच्चारातली दाक्षिणात्य छटाही त्या पात्राचीच झाली, आणि त्यांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत विचारपूर्वक केलेला रिमेक आहे.

ऐंशीच्या दशकात जितेंद्रच्या ‘हिम्मतवाला’पासून रिमेकची जी रांग लागली, तिच्यात असा विचार फारसा उरला नाही. ‘गजनी’, ‘वाँटेड’, ‘राउडी राठौड’ यांनीही मुख्यतः वेग आणि हाणामारी उत्तरेत आणली.

मला जास्त खुपतो तो ‘पिंक’चा (2016) दक्षिणेतला प्रवास. मूळ चित्रपट तीन मुलींचा होता. वकील वयस्कर, आजारी, खटल्यापुरता. तमिळ ‘नेरकोंडा पारवै’ने (2019) अजितसाठी त्याला पूर्वायुष्य आणि मारामारी दिली. तेलुगू ‘वकील साब’मध्ये (2021) पवन कल्याणचा वकील इतका फुगला, की मुलींची बाजू त्याच्या पराक्रमाला निमित्त ठरली. नकाराचा अधिकार सांगणाऱ्या कथेला तारणहार मिळाला आणि तिचा कणा मोडला. इथे बदल भरपूर केले, पण ते ताऱ्यासाठी.

‘सैराट’चा ‘धडक’ (2018) होताना काय हरवलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. राजस्थानच्या राजवाड्यांत जात दिसेनाशी झाली. म्हणूनच ‘धडक 2’ (2025) मी उत्सुकतेने पाहिला. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’वर (2018) बेतलेली ही कथा शाझिया इक्बाल यांनी तिरुनेलवेलीहून भोपाळच्या लॉ कॉलेजात आणली. नायकाला अहिरवार हे तिकडचं दलित आडनाव दिलं, सेन्सॉरच्या सूचना सोसूनही जातीचा प्रश्न गाळला नाही. ही मेहनत खरी आहे. तरीही सिद्धांत चतुर्वेदीचा चेहरा मेकअपने काळवंडवावा लागला. दलित तरुण सावळाच असणार, हा समज सवर्ण पडद्याचाच आहे, आणि ज्या चित्रपटाने इतकं धाडस केलं त्याने तोही तेवढ्याच निर्धाराने पुसायला हवा होता.