बांबूच्या नावाने : कागद-उद्योगाच्या संरक्षणाची परिभाषा

कायद्याचे शीर्षक आणि कायद्याचा परिणाम या दोन भिन्न गोष्टी होत, हे विधिज्ञांस सांगावे लागत नाही. आर्थिक धोरणाच्या अभ्यासकांस मात्र ते अधूनमधून सांगावे लागते. १९२५ साली हिंदुस्थानात जो संरक्षक कायदा झाला, त्याचे नाव 'बांबू कागद उद्योग (संरक्षण) कायदा' असे होते. नावावरून समज असा होतो की, लाभ बांबूपासून कागद करणाऱ्यास व्हावयाचा. वस्तुतः बांबूच्या लगद्यावर मुख्यत्वे चालणारी गिरणी त्या काळी नैहाटीची; टिटागढसारख्या मोठ्या गिरण्यांची भिस्त साबई गवतावर आणि परदेशी लाकडी लगद्यावर होती. जकात बसली ती छपाईच्या व लिहिण्याच्या आयात कागदावर, पौंडास एक आणा. आयात कागद महागला म्हणजे देशी कागद कशाचाही केलेला असो, त्यास आडोसा सारखाच! परदेशी लगदा आणून कागद करणाराही अशा रीतीने बांबूच्या नावाने संरक्षित झाला. १९३२ साली आयात लगद्यावर टनास ४५ रुपये जकात बसली, तेव्हा कोठे शीर्षक व आशय परस्परांजवळ आले.

'संरक्षण' हा शब्द मुळातच साकांक्ष आहे. कोणाचे, कोणापासून आणि कोठवर, ही तीन पदे आल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. १९२१-२२ च्या राजकोषीय आयोगाने ती जाणली होती. उद्योगास नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ अशक्य असावी आणि पुढे त्याने जागतिक स्पर्धेत आधाराविना उभे राहावे, अशा आयोगाच्या तीन कसोट्या होत्या. यांतील तिसरी म्हणजेच 'कोठवर'. १९२५ च्या कायद्यास सात वर्षांची मुदत होती, ती याच विचाराने. ती पुढे वाढत गेली खरी. तरी १९४७ साली संरक्षण काढून घेण्यात आले.

वृत्तपत्री कागद या जकातीतून वगळला होता. ज्यात लाकूड दळून केलेला यांत्रिक लगदा ६५ टक्क्यांहून कमी नाही, तो वृत्तपत्री कागद, अशी व्याख्या. परंतु ६५ टक्के कशाचे? कागदाच्या एकूण वजनाचे, की त्यातील तंतूंचे? कागदात खळ व खनिज भरही असते. म्हणून एका षष्ठीच्या अभावी तोच गठ्ठा करपात्रही ठरतो आणि करमुक्तही. पुढील जकातपत्रकांत प्रमाण ७० टक्के झाले व 'तंतूंच्या' हे पद स्पष्टपणे आले. भाषेची अशी हयगय आमच्या मते केवळ शैलीचा दोष नव्हे.

वृत्तपत्री कागद नेपानगरला तयार होऊ लागला तो १९५५ साली. त्यानंतरही आयातीवाचून भागत नव्हतेच, आणि आयातीचे नियंत्रण पृष्ठसंख्येपर्यंत पोहोचले. दहा पृष्ठांची मर्यादा घालणारे आयात-धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली बेनेट कोलमन खटल्यात रद्द केले. धोरणाचा उद्देश काय सांगितला आहे, यापेक्षा त्याचा आघात प्रत्यक्ष कशावर होतो, हे न्यायालयाने पाहिले. १९२५ चा कायदा तपासतानाही हीच दृष्टी ठेवावी लागते.

२०१९ च्या अर्थसंकल्पात आयात वृत्तपत्री कागदावर १० टक्के सीमाशुल्क बसले व २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. कोणाचे संरक्षण आणि कोणापासून, हे या वेळीही सांगितले गेले. 'कोठवर' हे पद मात्र वाक्यात नव्हते.