कोणती शीर?

नववीला ऊतींचा भाग शिकवताना आम्ही दर वर्षी कोंबडीचे पाय वर्गात नेतो. परभणीच्या बाजारात काय किंवा जिंतूर-सेलूकडच्या आठवडी बाजारात काय, कोंबडीवाल्याकडे मागितले की सहसा मिळतात. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या दिसतात. चिमट्याने मागच्या बाजूची दोरी ओढली की पंजा मिटतो, पुढची ओढली की उघडतो. मागच्या बाकावरची मुलेही तेवढ्यापुरती पुढे येतात.

मग आम्ही विचारतो, ह्या दोरीला काय म्हणतात? उत्तर ठरलेले असते. ‘शीर हाय, सर.’

इथून पुढे घोटाळा सुरू होतो. मराठी पुस्तकांत कुठे ‘स्नायुरज्जू’ असते, कुठे ‘कंडरा’. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एखाद्या थोरल्या भावाचे हिंदी पुस्तक घरी असते. त्यात दोन हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याला ‘स्नायु’ म्हटलेले असते. आपल्याकडे स्नायू म्हणजे मांस, दंड फुगवला की वर येते ते. एका मुलीने गेल्या खेपेला सरळच विचारले, ‘सर, हिंदीतल्या माणसाचं मांस हाडाला हाड बांधतं का?’ वर्ग हसला. आम्हांला मात्र त्या प्रश्नात विनोद दिसला नाही.

शरीरातील तंतुमय भागांची आपली परिभाषा सदोष आहे, आणि दोष ‘शीर’ म्हणणाऱ्या मुलांचा नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्नायूंची संख्या ९०० सांगितली आहे. हातापायांत ६००, धडात २३०, मानेपासून वर ७०. पण हे स्नायू म्हणजे आपले स्नायू नव्हेत. मांसाच्या तुकड्यांना सुश्रुत ‘पेशी’ म्हणतो, आणि त्या ५०० आहेत. स्नायू म्हणजे बांधणारे तंतुमय भाग. फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव पाण्यात भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार पेलतात, हा दृष्टान्त त्याचाच. त्याने स्नायूंचे चार प्रकारही केले आहेत. सांध्यांशी फाटे फुटलेले, दोरीसारखे गोल, छातीपाठीवर पसरलेले रुंद, आणि आतडी-मूत्राशयाच्या टोकांशी असणारे पोकळ. ह्यांतले मोठे गोल स्नायू म्हणजे कंडरा, आणि त्या १६ आहेत. आजच्या शारीरशास्त्राशी हे आकडे जुळवत बसण्यात अर्थ नाही. पण शरीरातील साऱ्या तंतुमय बांधणीला त्याच्याकडे एक सामाईक शब्द होता. आज मराठीत असा शब्द नाही.

सुश्रुताने शरीर पाहण्याची जी रीत दिली आहे, तीत प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून सात दिवस वाहत्या पाण्यात कुजवायचे आणि मग कुंचीने थर खरवडत जायचे. अशा रीतीत मऊ भाग आधी जाणार आणि चिवट तंतू शेवटपर्यंत टिकणार. बांधणाऱ्या भागांकडे त्याचे एवढे लक्ष गेले, त्याचे एक कारण हे असावे, असा आमचा आपला अंदाज आहे.

पुढे हा शब्द प्रवासाला निघाला. मराठीत आणि गुजरातीत तो मांसावर स्थिरावला. बंगालीत स्नायु म्हणजे संदेश वाहून नेणारा तंतू, ज्याला आपण चेता किंवा मज्जातंतू म्हणतो. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेने तो हाडे जोडणाऱ्या पट्ट्यासाठी राखला. ‘पेशी’चेही तेच झाले. हिंदीत ती अजून मांसाचीच आहे, मराठीत ती सजीवाचा सूक्ष्म घटक झाली. ‘मज्जातंतू’त तर मज्जा आहे, म्हणजे हाडातला मगज, ज्याचा संदेशवहनाशी काही संबंध नाही.

हा गोंधळ फक्त आपलाच आहे असे समजू नये. ग्रीक भाषेतला ‘न्यूरॉन’ हा शब्द आणि आपला स्नायू हे एकाच मुळाचे आहेत, आणि त्याचाही पहिला अर्थ चिवट दोरी, धनुष्याची तात असाच होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलसने संवेदना आणि हालचाल ह्यांच्याशी संबंधित तंतू वेगळे ओळखले. नाव मात्र जुनेच चालू राहिले. आजही रुंद, चपट्या कंडरेला डॉक्टर ‘ॲपोन्यूरोसिस’ म्हणतात. त्यातला न्यूरॉन हा जुन्या अर्थाचा आहे, तिथे मेंदूचे काही नाही. अरबीतल्या ‘असब’चा प्रवासही असाच, दोरीपासून चेतेपर्यंत. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात त्या काळी वैद्यकही उर्दूत शिकवत. त्या परिभाषेत मांस म्हणजे ‘अज़ला’, चेता म्हणजे ‘असब’, हाडे जोडणारा पट्टा ‘रिबात’ आणि मांस हाडाला जोडणारी दोरी ‘वतर’. वतर म्हणजे धनुष्याची दोरी. कोंबडीचा पाय एकदा ओढून पाहिलेल्या मुलाला ह्याहून नेमका शब्द देता येणार नाही.

आणखी एक नातेवाईक आपल्या अंगणातच आहे. पालीत स्नायूला ‘न्हारु’ म्हणत. आपला ‘नारू’ हा शब्द त्याच कुळातला. पायातून पांढऱ्या दोरीसारखा बाहेर पडणारा, जवळपास मीटरभर लांबीचा तो जंत. संस्कृत वैद्यकात त्या रोगाचे नावच ‘स्नायुक’ होते. लोक बारवेत पायऱ्यांवरून उतरून पाणी भरत, त्या काळातला नारू मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना आठवतो. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. स्नायूचा सर्वांत जुना अर्थ गावाने असा एका रोगाच्या नावात जपून ठेवला होता. रोग गेला, त्याबरोबर शब्दही चालला आहे.

शब्द बदलतात, त्याला इलाज नाही. आमची तक्रार वेगळी आहे. परिभाषा घडवताना आपण संस्कृत शब्द हाताला लागला की काम झाले असे मानले, तो शब्द मुलाच्या डोक्यात आधीच कुठे गुंतला आहे हे पाहिले नाही. ‘रज्जू’ घ्या. स्नायुरज्जू ही ओढणारी दोरी. मेरुरज्जू काही ओढत नाही, ती चेतासंस्थेचा भाग आहे. पृष्ठरज्जू तर भ्रूणाच्या पाठीतला आधारदंड. तीन वेगळ्या वस्तू, शेपूट एकच.

‘तंतू’चे त्याहून वाईट. स्नायुतंतू ही एक संपूर्ण पेशी असते. चेतातंतू हा पेशीचा लांब फाटा असतो. आणि कंडरेतला तंतू पेशीच नसतो. तो पेशींनी बाहेर विणून ठेवलेल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. इंग्रजीतही हीच अडचण आहे, पण इंग्रजीची चूक मराठीत आणायलाच हवी होती असे नाही. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, सुतळीला पीळ द्यावा तशा. ही रचना १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था ह्यांनी मांडली. पायाचे सूप गार झाल्यावर थिजते ते ह्याच प्रथिनामुळे. सुतारकामाचा जुना सरस कातडी-हाडे उकळून करत, तोही हाच. वर्गात एवढे सांगितले की तंतूचे कोडे अर्धे सुटते.

हे सारे शब्दांचे खेळ वाटतील, म्हणून एक अनुभव सांगतो. पाथरी-सोनपेठ-गंगाखेड पट्ट्यात ऊस आहे, कोयता आहे आणि मनगटाला होणाऱ्या जखमा आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना अशी जखम झाली. ‘शीर कापली’ असे सर्वांनी सांगितले. जिथे नेले तिथे रक्त थांबले, टाके पडले, आणि शीर जुळली असे समजून ते घरी आले. तीन आठवड्यांनी टाके सुकले, पण दोन बोटे मिटेनात. रक्तवाहिनीची शीर थांबली होती, ओढणारी शीर तशीच तुटलेली राहिली होती. तुटलेल्या कंडरेचे टोक मांस आत ओढून घेते. ती लवकर शिवली तर निभावते, उशीर झाला की काम अवघड होत जाते. त्या घरात कोणी ‘बोट मिटत नाही, म्हणजे दुसरीच शीर’ एवढे म्हणाले असते तर! पण त्यांना ते कोणी शिकवले नव्हते. आम्हीही नाही.

वर्तमानपत्रांचेही असेच चालते. खेळाडूच्या गुडघ्यातला अस्थिबंध फाटला तरी बातमीत ‘स्नायू दुखावला’. मांसाला रक्तपुरवठा भरपूर, ते पुष्कळदा काही आठवड्यांत भरून येते. अस्थिबंधाला आणि कंडरेला रक्त कमी मिळते, त्यांना महिनोन्‌महिने लागतात. वाचणारा मुलगा पंधरा दिवसांत कबड्डीला उतरतो.

मग शब्द कोणते घ्यावेत? ‘अस्थिबंध’ उत्तम आहे. काय करतो ते नावातच आहे, आणि तो दुसरीकडे कुठे गुंतलेला नाही. ‘स्नायुरज्जू’ सोडून ‘कंडरा’ घ्यावा. तो शब्द जुना आहे, हिंदीतही तोच आहे. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते, आणि परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा मुलांना दोन्ही भाषांची पुस्तके चाळावी लागणारच. ‘मज्जातंतू’ निवृत्त करून ‘चेता’ ठेवावा. ‘स्नायू’ मात्र आता मांसाचाच राहू द्यावा. सुश्रुताच्या अर्थाकडे त्याला परत नेण्याचा हट्ट काही विद्वान धरतात, तो आम्हांला पटत नाही. दंड थोपटणाऱ्या पोराकडून तो शब्द काढून घेणे कोणालाच जमणार नाही.

आणि ‘शीर’ वर्गाबाहेर हाकलू नये. मुलाने शीर म्हटले की आम्ही आता चूक म्हणत नाही, ‘कोणती शीर?’ असे विचारतो. रक्त वाहणारी, निरोप नेणारी, की ओढणारी? कोंबडीच्या पायात तिन्ही दाखवता येतात. दोरी ओढल्यावर हलते ती एक. तिच्या कडेने जाणारी बारीक, पोकळ ती दुसरी. चेता शोधायला मात्र भिंग आणि धीर लागतो, आणि दर वेळी सापडतेच असे नाही.

राहता राहिला मांसाच्या प्रत्येक गठ्ठ्यावरचा पातळ, पांढुरका, ओढला की फाटणारा थर. इंग्रजीत त्याला ‘फॅशिया’ म्हणतात, हिंदी परिभाषेत ‘प्रावरणी’. गेल्या वर्षी आम्ही हा शब्द फळ्यावर लिहीत असताना त्याच मुलीने विचारले, ‘सर, आई मटण धुताना काढती तो पापुद्रा का?’ आम्ही ‘प्रावरणी’ पुसला आणि तिथे ‘पापुद्रा’ लिहिले.