पृष्ठफळाची परिभाषा : चिती, शंकू आणि ‘कोन’

शालेय भूमितीतील पृष्ठफळाचे प्रकरण विद्यार्थ्यांना जड जाते. त्याचे कारण सामान्यतः सूत्रांच्या संख्येत शोधले जाते. ते परिभाषेतही शोधावयास हवे. इयत्ता दहावीच्या पुस्तकातील ‘महत्त्वमापन’ हे प्रकरणनामच पाहावे. संस्कृतात महत्त्व म्हणजे मोठेपणा, आकारमान. मराठीत मात्र त्या शब्दाचा हा अर्थ उरलेला नाही, आणि महत्त्व मोजावयाचे म्हणजे काय मोजावयाचे, हा मुलाचा प्रश्न रास्तच ठरतो. तथापि हा दोष वरवरचा आहे. खरी अडचण घनाकृतींच्या नावांत आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) खात, चिती, क्रकच व राशी असे व्यवहार येतात : खणलेला खड्डा, रचलेल्या विटा, करवतीने कापलेले लाकूड, धान्याची रास. क्रकचव्यवहार वगळता यांत मुख्य विचारणा ‘किती मावते’, ‘किती भरते’ हीच आहे. मराठीने इष्टिकाचिती व वृत्तचिती ही नावे या परंपरेतून घेतली. वृत्तचिती म्हणजे वर्तुळांची चळत. असे चित्र डोळ्यांपुढे असले की तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची हे घनफळ आपोआप कळते. पृष्ठफळ मात्र कळत नाही. चळतीला कडा असतात, आवरण नसते.

आवरणाचे चित्र पाहावयाचे तर सोलापूरच्या भवानी पेठेत जावे. मागावर विणलेली चादर पुढच्या रुळावर गुंडाळत जाते. त्या रुळावरचा एक वेढा उलगडला की आयत मिळतो. त्याची एक बाजू रुळाची लांबी, दुसरी त्याचा परीघ. वक्रपृष्ठफळाचे २πrh हे सूत्र याहून अधिक काही सांगत नाही. ‘चिती’ हा शब्द नेमके हेच चित्र दृष्टीआड करतो.

याच पेठेत परिभाषेची दुसरी गंमत आढळते. तेथे सूत ज्यावर गुंडाळून येते त्या कागदी नळीला ‘कोन’ म्हणतात. अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, शाळा मराठी असते, आणि हा इंग्रजी शब्द दोन्ही भाषांत रुळलेला आहे. वर्गात मात्र कोन म्हणजे दोन किरणांमधील कोन. सुताच्या कोनाला तेथे शंकू म्हणावयाचे. तेही काटेकोर नव्हेच, कारण त्याचे टोक छाटलेले असल्याने तो शंकुछेद आहे. या कोनालाही एक कोन असतो : प्रचलित प्रकारांपैकी एकाचा अर्धशीर्षकोन ५ अंश ५७ कला आहे. इतक्या निमुळत्या आकारात तिरकस उंची लंब उंचीहून सुमारे अर्धा टक्काच अधिक भरते. हातात ‘कोन’ घेऊन वाढलेल्या मुलाला या दोन उंचींतील भेद नजरेने दिसणार नाही. तो समजावून देण्यास पसरट शंकूच हवा.

‘वक्रपृष्ठ’ ही संज्ञा याहून गंभीर गोंधळ करते. वृत्तचितीचे वक्रपृष्ठ उलगडून आयत होते, शंकूचे उलगडून वर्तुळपाकळी होते. गोलाचे पृष्ठ, कितीही कापले तरी, सुरकुती वा ताण न येता सपाट होत नाही. एकाच विशेषणाखाली हे दोन भिन्न प्रकार बसविल्याने भूमितीतील एक मूलभूत भेद अनुच्चारित राहतो. भास्कराचार्यांना या अडचणीची जाण होती. गोलाचे पृष्ठफळ त्यांनी वर्तुळफळाच्या चौपट सांगितले व चेंडूवरच्या जाळीची उपमा दिली. व्यास ७ असता ते सुमारे १५३.९४ येते. उपपत्तीसाठी त्यांनी पृष्ठाच्या आवळ्यासारख्या फाका कल्पिल्या. आठव्या शतकातील लल्लाने वर्तुळफळाला परिघाने गुणिले होते, त्यावर त्यांनी टीका केली. क्षेत्रफळाला लांबीने गुणिले तर येते ते घनमान. पृष्ठ व घन यांची गल्लत इतकी जुनी आहे. क्षेत्रफळ, पृष्ठफळ, घनफळ या तिन्हींत ‘फळ’ एकच, हे त्या गल्लतीस पोषकच म्हणावे लागेल.

आकृती काढण्याच्या बाबतीतही असेच आहे. मराठीत ‘आकृती’ म्हणजे वस्तूचा आकारही आणि कागदावरील रेखाटनही. इष्टिकाचितीच्या रेखाटनात काटकोन तिरपे होतात, वृत्तचितीचा तळ लंबवर्तुळ होतो, मागच्या कडा तुटक रेषांनी दाखवाव्या लागतात. वस्तू व रेखाटन यांस दोन नावे नसल्याने विद्यार्थी रेखाटनातील तिरप्या कडेलाच पट्टी लावतो. येथे ‘घडणी’ हा शब्द उपकारक आहे. प्राथमिक इयत्तेत पुठ्ठ्याच्या पेटीच्या उलगडलेल्या रूपास तो योजिला आहे. घडी व घडण हे दोन्ही अर्थ त्यात सहज मिसळतात आणि तो मराठी कानाला परका वाटत नाही. वृत्तचिती व शंकू यांच्या विवेचनात तो सूत्रापूर्वी यावा, आणि ‘वक्रपृष्ठा’चे उलगडणारे व न उलगडणारे असे दोन भाग स्पष्टपणे पाडावेत. त्यासाठी नवी संस्कृत संज्ञा घडविण्याची आवश्यकता नाही. ‘उलगडणे’ हे क्रियापद मागाजवळ रोजच्या वापरात आहे.